दुभाषीबाईचा दुसरा आवाज

"ताई, तुमचा आवाज मी कुठेतरी ऐकलाय हो," कोर्टातली स्टेनो जेवणाच्या सुट्टीत अगदी सहज म्हणाली, आणि थोरलीच्या हातातला घास हातातच राहिला.

"इथेच ऐकला असशील," तिने हसून वेळ मारून नेली. "दर तारखेला तूच तर माझं बोलणं टाइप करतेस."

"तसं नाही. दुसरीकडे कुठेतरी." स्टेनो डबा बंद करता करता तिच्याकडे बघत राहिली. "जाऊ दे, आठवेल."

थोरलीच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हा. आठवू नये म्हणून तर तिने एवढी काळजी घेतली होती.

घरी सगळे तिला थोरली म्हणत. कोर्टात ती दुभाषीबाई. डोंगरापलीकडून कारखान्यांत नाहीतर बांधकामावर राबायला आलेली माणसं साक्षीला उभी राहिली, की त्यांचं बोलणं कोर्टाच्या भाषेत सांगायचं हे तिचं काम. ती भाषा तिला आईकडून मिळाली होती. आई लग्न होऊन डोंगराच्या अलीकडे आली, पण रागावताना, देवापुढे बोलताना आणि हिशेब करताना ती अजून आपल्याच भाषेत शिरायची. त्यामुळे थोरलीला शब्दकोशात नसलेलं बोलणंही कळायचं. कोर्टात तिला मान होता. तिने सांगितलेलं वाक्य म्हणजे साक्षीदाराचं वाक्य, त्यावर कुणी शंका घेत नसे.

पण कोर्टाचं बोलावणं काही रोज येत नाही. कधी आठवड्यात दोनदा, कधी पंधरवडाभर फोन मुका. म्हणून तीन वर्षांपूर्वी तिने डबिंगचं काम धरलं. आधी जाहिराती केल्या, गाद्यांच्या, दंतमंजनाच्या. मग एका परदेशी मालिकेत तिला आत्याचा आवाज मिळाला. ही आत्या भावाच्या घरात ठाण मांडून बसलेली, तोंडावर साखर पेरणारी आणि पाठ वळली की घर पेटवणारी. दर दोन दिवसांनी तिची एखादी लबाडी उघडी पडायची आणि ती डोळे मोठे करून म्हणायची, "मी कशाला खोटं बोलू?" तेवढ्या एका वाक्यावर लोक फिदा होते. दुकानात, दवाखान्यात, बसच्या रांगेत माणसं एकमेकांना ते म्हणून दाखवायची.

थोरलीलाही ती आत्या मनापासून आवडायची. कोर्टात दिवसभर दुसऱ्याचं बोलणं काटेकोर, कोरडं, स्वतःला बाजूला ठेवून सांगायचं. स्टुडिओतल्या त्या काचेच्या खोलीत कानाला हेडफोन लावला की मात्र मनसोक्त खोटं बोलता यायचं. मालिकेच्या शेवटी पळणाऱ्या नावांत आपलं नाव नको, एवढं तिने आधीच सांगून ठेवलं होतं. घरात नवरा आणि आई सोडून ही गोष्ट कुणाला ठाऊक नव्हती. निदान तिला तसं वाटत होतं.

त्या सुमारास लाँड्रीचा खटला चालू होता. हॉटेलांच्या चादरी धुणारी मोठी लाँड्री होती ती. तिथल्या इस्त्रीच्या यंत्रात डोंगरापलीकडच्या एका बाईचा उजवा हात सापडला. यंत्राच्या तोंडाशी लोखंडी जाळी असते, हात आत जाऊ नये म्हणून. अपघात झाला तेव्हा जाळी जागेवर नव्हती. मालकाचं म्हणणं, हिनेच भराभर काम उरकायला जाळी काढली. हिचं म्हणणं, मी हातही लावला नाही.

पहिल्या तारखेला इस्त्रीवाली साक्षीच्या पिंजऱ्यात आली तेव्हा तिने ओढणीखाली हात असा झाकला होता, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे आणि तिने फक्त सांभाळायला घेतलाय. बोलताना ती न्यायाधीशबाईंकडे बघत नव्हती, थोरलीकडे बघत होती. आपल्या भाषेचं माणूस तेवढंच होतं तिथे.

तिच्या वकिलाने विचारलं, "जाळी कुणी काढली?"

इस्त्रीवाली बोलली. थोरलीने सांगितलं, "मुकादमाने काढली. सकाळी मी आले तेव्हा ती भिंतीला टेकवून ठेवली होती."

स्टेनोची बोटं चालली. साक्ष चांगली झाली असं सगळ्यांना वाटलं. इस्त्रीवालीने जाताना थोरलीचा दंड हलकेच दाबला.

दुसरी तारीख आली ती उलटतपासणीची. मालकाचे वकील हळू बोलणारे, चष्मा कपाळावर सरकवून बोलण्याची सवय असलेले गृहस्थ. त्यांनी एक हजेरीपत्रक न्यायाधीशबाईंपुढे ठेवलं आणि शांतपणे म्हणाले, "अपघाताच्या दिवशी आणि त्याच्या आदल्या दिवशी मुकादम रजेवर होते. गावातच नव्हते. मग त्यांनी जाळी कशी काढली?"

थोरलीने प्रश्न डोंगरापलीकडच्या भाषेत सांगितला. इस्त्रीवालीच्या कपाळाला आठ्या पडल्या. ती घाईघाईने काही बोलली.

"मी 'वाटतं' असं म्हटलं होतं," थोरलीने सांगितलं. "मला तसं वाटलं. मी बघितलं नव्हतं."

वकिलांनी आधीच्या साक्षीचा कागद पुढे केला. "इथे 'वाटतं' कुठेच नाही. इथे स्पष्ट लिहिलंय, मुकादमाने काढली. बाई आता बोलणं फिरवताहेत."

इस्त्रीवालीचा चेहरा लाल झाला. तिने डावा हात कठड्यावर आपटला आणि एक वाक्य फेकलं. ते ऐकताच थोरली थबकली. दुसरा कुठला शब्द सापडतोय का म्हणून तिने क्षणभर शोधलं. नव्हता. साक्षीदार जे म्हणतो तेच सांगायचं, अशी शपथ घेतलेली. तिने शक्य तेवढा आवाज सपाट केला आणि म्हणाली,

"मी कशाला खोटं बोलू?"

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. मग आणखी एक जण. पट्टेवाल्याने तोंडावर हात धरला. न्यायाधीशबाईंनी चमकून वर बघितलं. स्टेनोची बोटं थांबली आणि ती हळूच "अगं बाई!" म्हणाली. आठवलं होतं तिला.

इस्त्रीवालीला काहीच कळेना. ती हसणाऱ्या माणसांकडे बघत राहिली.

मालकाच्या वकिलांनी चष्मा कपाळावर सरकवला. "मॅडम, परवानगी असेल तर दुभाषीबाईंनाच एक विचारतो. बाई, संध्याकाळी आपण दुसरं काही काम करता?"

"करते."

"काय करता?"

"डबिंग. मालिकांना आवाज देते."

"म्हणजे खोटं खरं वाटावं असं बोलण्याची आपल्याला सवय आहे. त्याचाच मोबदला मिळतो आपल्याला. चूक असेल तर सांगा."

चूक नव्हती. थोरलीने मान हलवली. न्यायाधीशबाई म्हणाल्या की असं काम करायला नियमाची आडकाठी नाही, वकिलांनी मुद्द्यावर यावं. पण जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. त्यानंतर थोरली जे जे वाक्य बोलली, ते लोकांनी आत्याचं म्हणून ऐकलं. इस्त्रीवाली पोटतिडकीने सांगत होती, यंत्र थांबवायचं बटण किती लांब होतं, ती किती ओरडली. आणि ऐकणारे थोरलीच्या गळ्याकडे बघत होते, आता ही डोळे कधी मोठे करते म्हणून.

कुणी सांगितलं असेल वकिलांना? थोरलीचा पहिला संशय स्टेनोवर. मग नवऱ्याच्या ऑफिसातल्या लोकांवर. मग जावेवर, कारण तिच्या जिभेला हाड नाही. कोर्टाच्या जिन्यात वकील समोर आले तेव्हा तिने सरळच विचारलं, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं?" ते म्हणाले. "आई माझी. रोज रात्री टीव्ही मोठ्याने लावते. पहिल्या तारखेलाच ओळखला मी आवाज." मग दोन पायऱ्या उतरून थांबले. "राग मानू नका. तुमच्याशी माझं काही वाकडं नाही. मी माझं काम केलं."

ते खरं बोलत होते की नाही, हेही तिला ठरवता येईना.

घरी आल्यावर आईने विचारलं, "का गं, चेहरा का उतरलाय?"

"काही नाही, डोकं दुखतंय."

नवरा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला, "हे तू सांगतेयस की आत्या?" रोजचाच विनोद होता तो. त्या दिवशी मात्र तिला जिव्हारी लागला. याला आपलं कुठलं बोलणं खरं वाटतं आणि कुठलं आत्याचं, हा विचार तिच्या मनात कधी आलाच नव्हता. तो आता आला आणि जाईना.

आईला तिने सगळं सांगितलं. आई भाजी निवडत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "पण ती बाई 'वाटतं' म्हणाली होती का?"

"नाही गं. म्हणाली असती तर मी सांगितलं नसतं? मुकादम रजेवर होता हे कळल्यावर तिने शब्द बदलला. घाबरली बिचारी."

"आपली माणसं दर वाक्याला 'वाटतं' म्हणतात," आई म्हणाली. "शेवटी, हळूच. मीही म्हणते."

"आई, हे माझं काम आहे. मला कळतं."

आईने भाजीची पुढची जुडी ओढली. पण थोरलीच्या मनात इस्त्रीवालीबद्दल अढी बसली ती बसलीच. जिच्यासाठी आपण चारचौघांत हसं करून घेतलं, तीच बोलणं फिरवत होती. आणि तिने फिरवलं म्हणून संशय कुणावर, तर आपल्यावर. पुढच्या तारखेला ती येईल तेव्हा तिच्याकडे बघायचंही नाही, असं तिने ठरवून टाकलं.

शनिवारी सकाळी स्टुडिओत आत्याचा मोठा प्रसंग होता. भावाची तिजोरी कुणी फोडली, या प्रश्नावर आत्या सुनेचं नाव घेते. कागदावर वाक्य होतं, "धाकट्या सुनेने फोडली असेल, मला वाटतं." पडद्यावरची नटी ओठ मिटून मोकळी झाली तरी थोरलीचे दोन शब्द मागे उरले.

काचेपलीकडून डबिंगचा दिग्दर्शक म्हणाला, "लांब होतंय. 'मला वाटतं' उडव. 'असेल' पण उडव. 'धाकट्या सुनेने फोडली.' बस. नेहमीसारखं."

"नेहमीसारखं म्हणजे?"

"अगं, तू तर न सांगता उडवतेस. म्हणून तर तुझ्याबरोबर काम पटापट होतं. आज काय झालं?"

थोरली माइकसमोर तशीच उभी राहिली. पडद्यावर आत्या तोंड उघडं ठेवून थांबली होती. तीन वर्षं ती हेच करत होती. ओठ मिटायच्या आत वाक्य बसवायचं तर बारके शब्द गाळायचे. बहुतेक, कदाचित, म्हणजे, वाटतं. त्यांच्यावाचून वाक्य अडत नाही, उलट ठसठशीत होतं. हात बसला होता तिचा. कुठल्या खोलीत आपण उभ्या आहोत, हे जिभेला कुठे कळतं?

"तब्येत बरी नाही," ती म्हणाली आणि हेडफोन काढून निघाली. दिग्दर्शकाला तेही खरं वाटलं नसावं.

सोमवारी कोर्ट उघडायच्या आधी ती स्टेनोच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली. याच मुलीवर तिने चुगलीचा संशय घेतला होता, त्यामुळे बोलायला जीभ रेटत नव्हती.

"लाँड्रीच्या पहिल्या तारखेचं रेकॉर्डिंग मला ऐकायचंय."

स्टेनोने भुवया उंचावल्या. "कशाला? काही बदलायचं नाही हं त्यात."

"बदलता येतं का ते?"

"नाही."

"मग ऐकव. तू इथेच बस माझ्याबरोबर."

स्टेनोने वरिष्ठ कारकुनाची परवानगी आणली, रेकॉर्डिंग लावलं आणि एक कान आपल्याला, एक थोरलीला अशी हेडफोनची वाटणी केली. इस्त्रीवालीचा आवाज आला. जाळी मुकादमाने काढली, आणि वाक्याच्या अगदी शेवटी, श्वास सोडावा तितका हळू, तो शब्द. वाटतं. थोरलीने मागे नेऊन पुन्हा ऐकलं. होता. त्याच्यावर तिचा स्वतःचा आवाज चढला होता, खणखणीत, ठाम, बरोब्बर ओठ मिटायच्या आत.

"काय झालं?" स्टेनोने विचारलं. तिला ती भाषा येत नव्हती. थोरली गप्प राहिली असती तर या इमारतीत कुणालाही कधी कळलं नसतं. इस्त्रीवाली खोटारडी ठरली असती आणि थोरलीवर नुसता संशय राहिला असता. संशय काय, आज ना उद्या विरतो.

"माझ्याकडून चूक झालीय," ती म्हणाली. "मॅडमना भेटायचंय."

न्यायाधीशबाईंनी दोन्ही वकिलांना बोलावून घेतलं आणि कोर्टात सगळ्यांसमोर तिला सांगायला लावलं. तिने सांगितलं. का झालं तेही सांगितलं, काही हातचं राखलं नाही.

मालकाचे वकील लगेच उठले. "मॅडम, परवा यांनी स्वतः कबूल केलंय की खोटं खरं भासवणं हा यांचा धंदा आहे. मग आजची ही कबुली तरी खरी कशावरून? साक्षीदाराला वाचवायला रचलेलं नाटक असेल."

बिनतोड होतं ते. खरं बोलताना वेगळा आवाज काढता येत असता तर तिने काढला असता.

न्यायाधीशबाईंनी थोडा विचार केला. "आपण यांच्या शब्दावर विसंबायचंच नाही," त्या म्हणाल्या. शेजारच्या जिल्ह्यातून दुसरे दुभाषी मागवले गेले. निवृत्त पोस्टमास्तर होते ते. त्यांना खटल्याची काहीच माहिती न देता रेकॉर्डिंग ऐकवलं. त्यांनी एकेक वाक्य सांगितलं आणि त्या वाक्याला येऊन म्हणाले, "मुकादमाने काढली, असं तिला वाटतं. तिने बघितलेलं नाही." बाकी सगळी साक्ष थोरलीने सांगितली होती तशीच निघाली.

पुढे निकाल इस्त्रीवालीच्या बाजूने लागला. जाळी कुणीही काढलेली असो, जाळीशिवाय यंत्र चालू ठेवलं ही मालकाची चूक, आणि साक्षीदार पहिल्यापासून एकच बोलत आली आहे, असं न्यायाधीशबाईंनी म्हटलं. थोरलीचं नाव मात्र पुढचा निर्णय होईपर्यंत दुभाषींच्या यादीतून काढण्यात आलं.

निकालाच्या दिवशी ती मागच्या बाकावर बसून होती. बाहेर व्हरांड्यात तिने इस्त्रीवालीला गाठलं आणि त्यांच्या भाषेत म्हणाली, "माझी चूक झाली. मला तुझाच संशय आला होता."

इस्त्रीवालीने हातावरची ओढणी सारखी केली. मग म्हणाली, "ताई, लोक हसले ना त्या दिवशी, मला वाटलं मी काहीतरी घाण बोलले. घरी जाऊन रात्रभर तेच आठवत होते, काय बोलले मी. ते तरी मला कुणी सांगायचं होतं." आणि ती गेली. या खेपेला तिने दंड दाबला नाही.

त्यानंतर सात-आठ महिने थोरली नुसतं डबिंग करत राहिली. काम करताना तिचा वेग कमी झाला. एखादा शब्द गाळायचा तर ती आता दिग्दर्शकाला विचारायची, आणि तो वैतागायचा. आत्या मात्र जोरात होती.

मग डोंगरापलीकडच्या माणसांचे खटले तुंबले. पोस्टमास्तरांना एवढ्या लांब येणं झेपेना. वरिष्ठ कारकुनाचा फोन आला. "बाई, यादीत परत घ्यायला मॅडम तयार आहेत. फक्त ते टीव्हीचं काम सोडलं असं लिहून द्या."

"ते नाही द्यायची," थोरली म्हणाली.

"अहो, लोक नावं ठेवतात."

"ठेवू देत. सोडलं असं लिहून दिलं तरी आवाज हाच राहणार. त्यापेक्षा मी प्रत्येक खटल्याच्या सुरुवातीला आपणहून सांगेन, मी संध्याकाळी काय करते ते. ज्यांना हवं त्यांनी रेकॉर्डिंग तपासून घ्यावं."

कारकून कुरकुरला, पण दोन दिवसांनी होकार आला.

आता तसंच चालतं. शपथ झाली की ती आपल्या दुसऱ्या कामाचं सांगते. बहुतेक वकील कान टवकारून बसतात. काही जण रेकॉर्डिंगची प्रत मागतात. एकाने तर दोन वाक्यांसाठी पोस्टमास्तरांना फोन लावायला लावला. तिला याची सवय झाली असं म्हणवत नाही. प्रत मागितली गेली की अजून रात्री झोप लागत नाही, आणि नवऱ्याने विनोद केला की ती उत्तर देत नाही.

परवा एका भिंत कोसळल्याच्या खटल्यात डोंगरापलीकडचा एक म्हातारा गवंडी साक्षीला आला होता. थोरलीचं आपलं सांगून झालं तशी कोर्टात कुजबुज झाली, खुर्च्या सरकल्या, एका वकिलाने कागद काढून पेन उघडलं. म्हाताऱ्याने सगळीकडे नजर फिरवली आणि आपल्या भाषेत हळूच विचारलं, "पोरी, हे लोक असे का बघतायत? मी अजून काही बोललोही नाही."

"तुमच्याकडे नाही बघत, काका," थोरली म्हणाली. "माझ्याकडे बघतायत."

"काय बोलणं चाललंय?" पेनवाल्या वकिलाने ताडकन विचारलं. "सांगा आम्हाला."

थोरलीने दोघांची वाक्यं त्याला शब्दन् शब्द सांगितली. त्याने ती लिहून घेतली.